आप्पांच्या नाकाखालचा नाला

गोठ्यात शेण आणि आमच्या प्लँटवर किस्से, दोन्हींचं सारखंच. आज सगळं उचलून जागा लख्ख करावी, तर उद्या सकाळी तितकंच परत पडलेलं. फरक एवढाच की शेणाच्या गोवऱ्या तरी होतात. किश्श्यांचं काहीच होत नाही. म्हटलं, निदान कागदावर थापून ठेवावेत.

मी इलेक्ट्रिशियन. वडवणीच्या अलीकडं एक डेअरी आहे, डेअरीच्या मागं शंभरेक म्हशींचा गोठा आहे, तिथल्या वायरी, मोटारी, दिवे सगळं माझ्याकडं. गावात मला 'वायरमन मामा' म्हणतात. मी सांगताना थोडी भर घालतो अशी माझी ख्याती आहे. पण या किश्श्यांत भर घालायला जागाच उरली नव्हती.

म्हशी आल्या की मूत आलं, आणि मूत आलं की अमोनिया. तुम्हाला अमोनिया माहीत नसेल तर उन्हाळ्यात भर दुपारी बंद गोठ्याचं दार एकदम उघडून बघा. डोळ्यांतून येतं ते पाणी आणि नाकात जातो तो अमोनिया. गोठा धुतला की ते पाणी नाल्याला लागायचं, आणि नाला सरळ गावात. नाल्याकाठीच वामनआप्पांचं घर.

आप्पा म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं नाक. दिसायलाही आणि मानायलाही. त्यांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला. दसरा झाला की गाव नाल्यावर येईल. वास आला, तर गोठा इथून हलवायचा. डेअरीच्या मालकानं आष्टीकडं जागा बघूनही ठेवली.

सगळ्यात जास्त घोर लागला चंद्रभागाबाईला. ती आणि तिचा नवरा सुदाम गोठ्यावर कामाला. त्याआधी दरसाल दोघं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून ऊसतोडीला जायचे, मागं लेक आजीकडं आणि शाळा वाऱ्यावर. गोठ्याचं काम लागलं तशी लेक एका वर्गातून पुढच्या वर्गात जायला लागली. गोठा गेला की परत हातात कोयता.

मी एकदा म्हणालो, "आष्टीला तुम्हालाही नेतील की."

"म्हशी नेतील मामा," ती म्हणाली. "आमाला कोण नेतंय? आमी काय दूध देतोय व्हय?"

* * *

आमचे मॅनेजर शेख साहेब. माणूस हुशार, पण नवीन वस्तू दिसली की डोळे चमकतात. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की वीज वापरून पाण्यातला अमोनिया काढता येतो. महिन्याभरात मशीन दारात, तोच आमचा प्लँट. सोबत संभाजीनगरच्या निकिता मॅडम, इंजिनिअर. बूट पांढरे. ते फक्त पहिल्या दिवशी.

मशीन बघायला सगळा गोठा जमला. एक टाकी, टाकीत कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या प्लेटा, बाजूला एक कपाट आणि कपाटात माझ्या ओळखीच्या वायरी.

सुदाम टाकीभोवती फिरून आला. "एवढीच? हिच्यात तर म्हस मावत न्हाई."

"म्हैस आत घालायची नाही दादा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी फार छान समजावलं. गोठ्याच्या पाण्यात थोडं मीठ टाकायचं. अर्ध्या प्लेटांना प्लस, अर्ध्यांना मायनस जोडून करंट सोडायचा. मिठातला क्लोरीन सुटतो, तो अमोनियाला फोडतो, आणि अमोनियातला नायट्रोजन बुडबुड्यांनी हवेत निघून जातो. हवेत तो आधीच भरपूर आहे, त्यामुळं कुणाला त्रास नाही.

शेख साहेबांनी विचारलं, "समझ्या क्या? कुणाला काही शंका?"

चंद्रभागाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "म्हंजी मुताला मीठ लावून शॉक द्यायचा. एवढंच ना?"

मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हो. एवढंच."

* * *

मिठाचं काम सुदामकडं दिलं. मॅडमनी माप दिलं, तांब्या दिला. दुसऱ्या दिवशी बघतात तर हा टाकीवर वाकून मुठीमुठीनं मीठ सोडतोय, आणि दर मुठीला मागं वळून बायकोला विचारतोय, "बास का?"

"दादा, तांब्या कुठं आहे?"

"त्याच्यात च्या आणलाय."

चंद्रभागाबाई तिकडून ओरडली, "मॅडम, त्येनं जल्मात कशात मीठ टाकलं न्हाई. खाताना निस्तं कमी झालं म्हणतोय. आता कळू द्या."

खरा घोटाळा पुढच्या आठवड्यात झाला. सकाळी मशीन चालू केलं तर करंटचा काटा उठेचना. मी कपाट उघडलं. फ्यूज बघितले, जोड बघितले, वायरी सोडल्या, परत आवळल्या. मशीन बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. त्यांनी सांगितलं, कपाट बंद करून परत चालू करा. हे मला मॅडमच्या आधीपासून येतं.

शेवटी सुदाम मान खाजवत आला. "मामा, येक सांगू का? रात्री मोगरी सुटली व्हती."

मोगरी म्हणजे आमची सगळ्यात थोराड म्हैस. तिनं दावं तोडलं, प्लँटवर आली आणि मिठाचं पोतं चाटून निम्मं केलं. सुदामनं सकाळी उरलेलं मीठ पुरवून पुरवून वापरलं. पाण्यात मीठ कमी, म्हणून करंट वाहीना. मी सकाळपासून फॉल्ट वायरीत शोधत होतो आणि फॉल्ट म्हशीच्या पोटात होता!

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मीठ खाल्लेली म्हैस. मोगरीनं दिवसभरात हौद कोरडा केला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली तेव्हा मॅडमनी विचारलं, "आज एवढं पाणी कुठून आलं?"

सुदाम म्हणाला, "निम्मं आपल्या नळाचं. निम्मं तिचं."

* * *

सुरुवातीला करंट किती ठेवायचा याचा अंदाज बसत नव्हता. एक दिवस जरा जास्तच झाला. अमोनिया गेला, पण क्लोरीनचा असा वास सुटला की गोठा आहे की पोहण्याचा तलाव, कळेना. म्हशींनी माना वळवून आमच्याकडं बघितलं.

पाचच मिनिटांत आप्पा हजर. धोतराचा सोगा नाकाला.

"ह्यो कशाचा वास सोडला बे?"

शेख साहेब खुशीत म्हणाले, "आप्पा, जुना वास गेला ना?"

"गेला."

"मग?"

"ह्यो दवाखान्याचा हाय. त्यो वास निदान आपल्या गावचा तरी व्हता."

मॅडमनी करंट उतरवला. संध्याकाळपर्यंत दोन्ही वास गेले. आप्पा आणखी एक चक्कर मारून गेले, काही बोलले नाहीत. चंद्रभागाबाई म्हणाली, "आज वासबी न्हाई आन् भांडणबी न्हाई. म्हाताऱ्याला जेवान जाणार न्हाई."

* * *

आता गावात काही झालं की ते बाजाराच्या दिवशी वडवणीला पोचतं, आणि पोचेपर्यंत वाढतं. इथून निघालं ते असं, 'डेअरीवाले गोठ्याच्या पाण्यात करंट सोडायलेत.' वडवणीला पोचलं ते असं, 'डेअरीच्या दुधात करंट हाय.'

बाजाराच्या दिवशी आमची दुधाची गाडी, मीही तिच्यातच, नेहमीच्या हॉटेलासमोर उभी राहिली, तर हॉटेलवाला हातात टेस्टर घेऊन तयार. तोच तो, दिवा लागणारा. त्यानं कॅनचं झाकण उघडलं, टेस्टर दुधात बुडवला आणि डोळे बारीक करून बघायला लागला. मागं वीसएक माणसं. दिवा लागला नाही, तरी कुणाचं समाधान होईना. एक जण म्हणाला, "सेल गेला आसंल." टेस्टरला सेल नसतो. पण गर्दीपुढं मी काय बोलणार.

शेख साहेबांना फोन गेला. ते स्वतः मोटारसायकलवर आले. म्हणाले, "मी पिऊन दाखवतो." ग्लास भरला, सगळ्यांना दाखवला, बिस्मिल्ला म्हणून तोंडाला लावला.

त्याच घडीला त्यांच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल थरथरला.

साहेब जागेवरच हातभर उडाले. ग्लास एकीकडं, चष्मा एकीकडं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण पळणाऱ्यांत मीही होतो.

त्या दिवशी वडवणीत आमचं दूध कुणी घेतलं नाही. पण चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातले टेस्टर मात्र दुपारपर्यंत संपले.

फोन कुणाचा होता? घरून. बेगमसाहेब विचारत होत्या, येताना दूध आणताय ना?

* * *

निकिता मॅडमकडं एक पेटी होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर अमोनिया आहे, पांढरं राहिलं तर नाही. महिन्याभरात नळी पिवळीची फिकट झाली, फिकटची पांढरी झाली. मॅडम ती नळी घेऊन ग्रामसभेत गेल्या. नळी सगळ्यांच्या हातातून फिरली. लग्नात अत्तर फिरतं तशी.

वामनआप्पांनी ती उन्हात धरली आणि परत दिली. "बाई, ह्याच्यात रंग दिसतोय. आमाला तरास रंगाचा न्हाई, वासाचा व्हतोय."

"आप्पा, वासाचं मीटर नसतं."

"कावून नसतं?" आप्पांनी बोट स्वतःच्या नाकाला लावलं.

टाळ्या पडल्या. ठरलं. दसऱ्यानंतर आप्पा नाल्यावर वास घेतील, ते म्हणतील तो निकाल. कायद्याप्रमाणे पाण्याची तपासणी बीडला वेगळी होणारच होती, पण गोठा इथं राहणार की आष्टीला जाणार, ते आप्पांच्या नाकावर.

आप्पांनी ही जबाबदारी फार मनावर घेतली. म्हातारा आयुष्यभर तपकीर ओढणारा. म्हणाले, नाक साफ पाहिजे, आणि डबी ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको गयाबाई तणतणत डेअरीवर.

"काय केलं वं माझ्या मानसाला? समद्या घराचा वास घेत हिंडतोय. भाजीला वास हाय, उशीला वास हाय, माझ्या लुगड्याला वास हाय. काल मला म्हन्ला, तू आंघूळ केलीस का?"

शेख साहेब गंभीरपणे म्हणाले, "बहेनजी, दसऱ्यापर्यंत सांभाळून घ्या."

"दसऱ्यापत्तुर त्यो तरी ऱ्हाईल का मी तरी!"

चंद्रभागाबाईनं तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, वाटेला लावली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बगा मामा. आमचं समदं बिऱ्हाड त्या म्हाताऱ्याच्या नाकाला टांगलंय. आन् त्येचं नाक ठिकाणावर न्हाई."

* * *

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा. कुदळ, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याच्यावर पोट चालतं ते धुऊनपुसून त्याला हळदकुंकू. आमच्या गोठ्यावर यंदा पहिल्यांदा प्लँटची पूजा होती. मॅडम दोन दिवस घरी गेल्या होत्या, सकाळी थेट पूजेला येणार होत्या. जाताना सांगून गेल्या, "जरा साफसफाई करून ठेवा."

सकाळी मी पोचलो तर टाकीला झेंडूचं तोरण, कपाटाला कुंकू, आणि चटईवर प्लेटा मांडलेल्या. त्यातल्या निम्म्या अशा चकाकत होत्या की मी वाकून भांग नीट केला.

मॅडम गाडीतून उतरल्या. हसत आल्या, चटईजवळ थांबल्या, आणि उलट्या बादलीवर बसल्या. हळूहळू नाही, एकदम.

"ह्या... ह्या काळ्या होत्या."

"लई काळ्या," सुदाम छाती पुढं काढून म्हणाला. "चिंच लावली, विटकर लावली, निघंना. मग वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर आणलं, त्येला तारंचा बुरुश. दोघं नवराबायको काल दिवसभर बसलोत."

मॅडमनी मग सांगितलं. तो काळा थर म्हणजे मळ नव्हता. तो मुद्दाम दिलेला लेप होता, महागातल्या महाग धातूचा. सगळं काम तो लेप करतो. खालची चकचकीत प्लेट नुसती उभी राहते, काही करत नाही.

आप्पांचा दिवस चार दिवसांवर, नवीन प्लेटा यायला महिना. चंद्रभागाबाई खाली बसली. सकाळीच गावात ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर आला होता, त्याचा निरोपही आला होता, नवराबायकोची जोडी तयार आहे का म्हणून. ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्याच हातानं घासून घासून आपली रोजी घालवली बगा." मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. सुदाम ग्राइंडरकडं असा बघत होता जसं काही ग्राइंडर स्वतः चालत आलं होतं.

मॅडम बसल्या बसल्या चटईकडं बघत होत्या. "आणि ह्या बाकीच्या? ह्या का नाही घासल्या?"

ह्या म्हणजे उरलेल्या निम्म्या. मायनसच्या. त्यांच्यावर जाड पांढरं किटण चढलं होतं, पाणी तापवायच्या पातेल्याला चढतं तसं.

चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाली, "त्या पांढऱ्याच व्हत्या की. पांढऱ्याला काय पांढरं करायचं? आन् हात दुखाया लागलते."

मॅडम उठल्या. संडास धुवायचं ॲसिड मागवलं, पाण्यात पातळ केलं, हातमोजे घातले, एक प्लेट बुडवली. किटण फसफसून गळालं. आत प्लेट काळीकुट्ट. कोळशासारखी. या मशीनमध्ये मधूनमधून प्लस-मायनस उलटं करता यावं म्हणून दोन्ही बाजूंच्या प्लेटांना लेप दिलेला असतो. उलटं करायची वेळ यायची होती. ती आता आली.

बाकीच्याही तशाच धुऊन काढल्या, आणि मी वायरी बदलल्या. चकचकीत मायनसला, तिथं लेप नसला तरी चालतं; काळ्या प्लसला. बटण दाबलं. बुडबुडे आले.

सुदामनं नारळ फोडला, पाणी प्लेटांवर शिंपडणार एवढ्यात चार जणांनी त्याचा हात धरला.

* * *

आप्पांचा दिवस. सगळं गाव नाल्यावर. आप्पांनी धुतलेलं धोतर, टोपी, आणि सकाळपासून तोंडात चहासुद्धा घेतला नव्हता, नाक बिघडेल म्हणून. पलीकडं रस्त्यावर मुकादमाचा ट्रॅक्टर चालूच होता. तो स्वतः खाली उतरून उभा, हाताची घडी घालून. चंद्रभागाबाई नाल्याच्या काठावर. तिच्या शेजारी लेक, शाळेच्या गणवेशात. शाळेची वेळ होऊन गेली होती.

आप्पा पाण्याजवळ उकिडवे बसले. डोळे मिटले. श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

"वास हाय," आप्पा म्हणाले.

निकिता मॅडमच्या हातातली नळी पांढरी होती. त्यांनी ती खिशात ठेवली. शेख साहेबांनी टोपी काढली. मुकादमानं हाताची घडी सोडली.

"कुठून येतोय?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"मुताचाच हाय. म्हशीच्या. थांब." आप्पा उठले. डोळे मिटलेलेच. नाक वर करून ते चालायला लागले, आणि मागं सगळं गाव. आधी वरच्या अंगाला, आमच्या पाइपापर्यंत. पाइपाच्या तोंडाशी वाकले, बराच वेळ हुंगलं, मान हलवली. "हितून न्हाई." आणि वळले.

परत खाली. पुलावरून. पिंपळापाशी थांबले, नाक डावीकडं, नाक उजवीकडं. "वाढला," म्हणाले. पावलं भराभरा पडायला लागली. पिठाची गिरणी गेली, शाळा गेली, शाळेतली पोरं खिडकीला आली. आप्पा पुढं, त्यांच्या मागं सरपंच, मॅडम, शेख साहेब, सुदाम, चंद्रभागाबाई, आणि सगळ्यात मागं मुकादम. "हाय, हाय, लई हाय," म्हणत आप्पा एका बोळात शिरले, एका अंगणातून गेले, एका छपराच्या दारात येऊन उभे राहिले आणि हात लांब करून म्हणाले, "हितं!"

मग डोळे उघडले.

छपरात दोन म्हशी. शेणाची पाटी घेऊन त्यांच्यामधून गयाबाई बाहेर आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग नवऱ्यामागच्या गर्दीकडं.

"आवो, समदं गाव घेऊन घरी कावून आलाव?" ती म्हणाली. "च्या कितीजणांचा टाकू?"

आप्पांनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

चंद्रभागाबाईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "समद्यांचा टाका काकू. मुकादमाचाबी टाका. त्यो रिकामाच चाललाय."